वॅट नंतर, आधी ओहम बघा

विवळवेढे, चारोटी, कासा या पट्ट्यात होम थिएटर बसवून द्यायचं काम सुरू करताय? मग आधी ओहम शिका. गिऱ्हाईक वॅट विचारतं, पण ओहम चुकला की रिसीव्हर जळतो.

ओहम म्हणजे स्पीकरचा करंटला होणारा विरोध. आकडा कमी, तर करंट जास्त. २० व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर खेचतो, ४ ओहमचा ५ अँपिअर. मग रिसीव्हर तापतो, मध्येच बंद पडतो, आणि तसाच रेटला तर आउटपुट जातं.

नेहमीची मागणी असते, "याच्यावरच अजून एक जोडी लावा ना!" ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलला पॅरलल जोडले की ४ ओहम होतात. सिरीजमध्ये १६ होतात, रिसीव्हर सुरक्षित राहतो, पण आवाज कमी येतो.

बसवण्याआधी एवढं करा:

१. रिसीव्हरच्या मागे छापलेलं वाचा. '६ ते १६ ओहम' असेल तर ६च्या खाली जायचं नाही.

२. स्पीकरचा स्टिकर गेलाय? वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६च्या आसपास दाखवतो, कारण मीटर फक्त डीसी मोजतो.

३. बिलावर मॉडेल आणि ओहम लिहा. उद्या गिऱ्हाइकाने परस्पर स्पीकर बदलला, तर वाद तुमच्या अंगावर येणार नाही.

चैत्र पौर्णिमेपासून महालक्ष्मीची यात्रा, घरात पाहुणे, आणि तेव्हाच सेट बंद पडला तर नाव तुमचंच खराब होतं. रिसीव्हर पदरचा भरून दिला, तर कित्येक कामांचा नफा गेला. त्यापेक्षा पाच मिनिटं मीटर लावा.