उंदराएवढ्या प्राण्याच्या दाढेवरून हवामान कसं कळतं?

या भागात जे बोललो ते इथे लिहून देतोय. ऐकायला सवड नसेल तर वाचून घ्या.

आजचा विषय आहे व्होल. आपल्या अकोल्यात, जुन्या शहरातल्या घरांत म्हणा की बाहेर वावरात, उंदीर-घुशी भरपूर आहेत, पण व्होल नाही. तो थंड मुलखातला प्राणी: युरोप, उत्तर आशिया, उत्तर अमेरिका आणि आपल्याकडे हिमालय. दिसायला उंदरासारखाच, पण शेपटी आखूड, तोंड बोथट आणि कान केसांत लपलेले. काश्मीरच्या करेवा थरांत, म्हणजे एका जुन्या सरोवराच्या गाळात, त्याचे जीवाश्म सापडलेत.

या प्राण्याच्या दाढांवरून लाखो वर्षांपूर्वीचं हवामान कळतं, असं म्हणतात. अर्धं खरंय. हवामान आणि दात यांच्यामध्ये एक पायरी आहे, ती म्हणजे खाणं. ती गाळली की गणित चुकतं.

आधी दात समजून घेऊ. ज्वारीच्या ताटांत शिरलं की पातं हाताला कापतं ना? गवताच्या जातीच्या झाडांच्या पेशींत सिलिका साठते, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ. त्यात जमिनीलगतचं खाल्लं की माती-कचही तोंडात जाते. असं खाणं रोज चावायचं म्हणजे दाढा झिजणारच. आणि दाढा संपल्या की प्राणी उपाशी मरतो.

व्होलच्या दाढेत याला दोन उत्तरं आहेत. पहिलं, दाढेवर कठीण एनॅमलच्या घड्या असतात, वरून पाहिलं तर त्रिकोणांची रांग दिसते. मधला भाग मऊ, तो लवकर झिजतो. एनॅमलच्या कडा मात्र वर राहतात. जातं गुळगुळीत झालं की आपण टाकी लावून घेतो. इथे झिजता झिजताच टाकी लागत जाते! दुसरं उत्तर म्हणजे उंची. दाढेला मुळं फुटली की तिची वाढ थांबते. मुळं उशिरा फुटली तर दाढ जास्त उंच होते. आणि फुटलीच नाहीत तर ती आयुष्यभर वाढतच राहते.

थंडी पडली म्हणून कुठल्या एका व्होलची दाढ वाढली नाही. ज्यांची मुळं जरा उशिरा फुटायची ते जास्त जगले, त्यांना पिल्लं जास्त झाली, बस्स. व्होल काही आठवड्यांतच पिल्लं द्यायला लागतो, त्यामुळे पिढ्या झपाझप जातात.

सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी हिमयुगांचं चक्र सुरू झालं. थंड, कोरड्या काळात युरोपात जंगल मागे हटायचं आणि गवताळ माळ पसरायचा. तिथे मिमोमिस नावाचा व्होल होता, त्याच्या दाढांना मुळं होती. त्याच्याच वंशातल्या आर्विकोलाच्या दाढांना मुळंच नाहीत. इंग्लंडमध्ये वेस्ट रंटनच्या थरात मिमोमिस मिळतो, तर बॉक्सग्रोव्हच्या साधारण ५ लाख वर्षं जुन्या थरात आर्विकोला. म्हणजे कुठला थर जुना, कुठला नवा हे दाढेवरून ठरवता येतं. शास्त्रज्ञ याला ‘व्होलचं घड्याळ’च म्हणतात. घुबडं व्होल खाऊन हाडं-दातांचे गोळे ओकतात, म्हणून गुहांमध्ये दातांचा साठाही भरपूर मिळतो.

आता खरी मेख ऐका. युरोपात आजही एकाच भागात, एकाच हवेत दोन व्होल राहतात. एक झाडीतला, पानं, फळं, बिया खाणारा. त्याच्या दाढांना वयात आल्यावर मुळं फुटतात. दुसरा माळावरचा, गवत खाणारा. त्याला मुळं फुटतच नाहीत. हवामान तेच, दाढा वेगळ्या. मग नुसती दाढ पाहून हवामान कसं सांगणार? आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एकाच लॉगवर निदान करत नाही, दुसरा पुरावा बघतो. इथेही तसंच आहे: खाणं काय होतं, याची वेगळी साक्ष लागते.

अशी साक्ष कशी असते, याचं मोठं उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे, फक्त व्होलच्याही फार आधीचं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या काळातली, साडेसहा कोटी वर्षांहून जुनी, दगड झालेली विष्ठा मिळते. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सिलिकाकण शोधले, निदान पाच प्रकारचे. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं. तोवर त्या काळात एवढ्या प्रकारचं गवत असेल असं कुणी धरलं नव्हतं.

याच सुमाराचा भारतथेरियम नावाचा छोटा सस्तन प्राणी तेलंगणात नसकलला सापडलाय. त्याच्याही दाढा उंच! गवताचे माळ पसरायला तेव्हा कोट्यवधी वर्षं बाकी होती. म्हणजे उंच दाढ दिसली की ‘कोरडा माळ’ असं लिहून मोकळं होता येत नाही. पिसदुऱ्याच्या पुराव्यामुळे एवढं म्हणता येतं, की असे प्राणी गवत खात असणं शक्य होतं. शक्य, सिद्ध नव्हे.

आजची हवामानाची मॉडेलं तपासताना जुन्या हवामानाचे पुरावे वापरतात. पुरावाच घाईत वाचला तर चूक पुढे सरकत जाते. म्हणून पुढच्या वेळी ‘दातावरून हवामान ओळखलं’ अशी बातमी दिसली, तर एक प्रश्न नक्की विचारा: तो प्राणी खात काय होता, आणि हे कशावरून?

तुमचे प्रश्न पाठवा, पुढच्या भागात घेऊ. चला, भेटूच!