इटलीची वेस्पा, पिंपळगावची धूळ

जुनी इटालियन फटफटी घ्यावी की घेऊ नये, असा विषय निघाला की आमच्या पिंपळगाव बसवंतात ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "दारात हत्ती बांधलेला परवडला, पण जुनी गाडी नको!" दुसरा पक्ष काहीच बोलत नाही, कारण तो त्या वेळी उकिडवा बसून प्लग घासत असतो. प्रस्तुत लेखक या दुसऱ्या पक्षाचा जुना सभासद आहे.

आता इटालियन म्हणजे शर्यतीत धावणाऱ्या लालभडक मोटारसायकली, असे कोणी समजू नये. आमच्या द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या गावात इटली आली ती स्कूटरच्या रूपाने. युद्धात पिआज्यो कंपनीचा पाँतेदेरा येथील विमानांचा कारखाना बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला. विमाने बांधायची सोय उरली नाही, तेव्हा कंपनीने लोकांना परवडेल असे वाहन करायचे ठरवले. ते काम आले कोरादिनो दास्कानिओ या विमानांच्या इंजिनिअरकडे. गंमत अशी, की या गृहस्थाला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. साखळीच्या तेलाने कपडे खराब होतात आणि पंक्चर झाले की चाक काढताना नाकी नऊ येतात, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाला भिडवले आणि चाक मोटारीसारखे नट सोडून काढता येईल असे केले. ही १९४६ सालची वेस्पा. पाठोपाठ १९४७ साली मिलानहून लॅम्ब्रेटा आली. तिला नळ्यांची चौकट, आणि तिच्या पुढच्या मॉडेलांत मागे साखळी आहे ती बंद पेटीत तेलात फिरणारी.

आपल्याकडे लॅम्ब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने आणली, तर वेस्पा बजाजने पिआज्योशी करार करून १९६० नंतर येथेच बनवायला घेतली. १९७१ साली तो करार संपला. १९७२ साली 'चेतक' आली, तरी सांगाडा आणि स्वभाव वेस्पाचाच राहिला. पुढे १९७५ साली स्थापन झालेल्या सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' आली, तीही त्याच घराण्यातली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि वापरलेली गाडी नवीपेक्षा महाग विकली जाई. तो काळ आठवणारी माणसे अजून आहेत.

आमचे वडील शाळामास्तर. नंबर लागण्याची वाट पाहण्यापेक्षा त्यांनी १९७६ साली नाशिकच्या एका कारकुनाकडून जुनी वेस्पा घेतली. आईला तेव्हा तो निव्वळ उधळेपणा वाटला. पण नाशिकचे दवाखाने, निफाडची कचेरी, वणीची यात्रा, चांदवडचा घाट, सारे त्या आठ इंची चाकांवर झाले आणि आईचा विरोध हळूहळू मावळला. मला मात्र त्या गाडीची किंमत कळायला १९८८ साल उजाडावे लागले, आणि ती मी भलत्याच पद्धतीने शिकलो.

त्या सकाळी आईला नाशिकला डॉक्टरांकडे न्यायचे होते. पाहतो तो टाकी कोरडी. शेजाऱ्याच्या मोटारसायकलसाठी डब्यात भरून ठेवलेले दोन लिटर पेट्रोल मी मागून आणले, ओतले आणि निघालो. त्यात तेल मिसळायचे माझ्या ध्यानातच आले नाही. ओझर मागे पडले आणि थोड्याच वेळात गाडीने एक कर्कश आवाज काढून मागचे चाक जागच्या जागी आवळले. क्लच दाबेपर्यंत आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला मुरमात होतो. माझे गुडघे फुटले. आईचे उजवे मनगट मोडले.

या जातीच्या इंजिनात पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. निराळी सोय नाही. तेल नसेल तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. त्यात ना इटलीचा दोष, ना बजाजचा! दोष सर्वस्वी माझा.

घरी सगळे एकमुखाने म्हणाले, "भंगारात घाला ती गाडी!" वडील गप्प होते. गळ्यात हात अडकवून बसलेली आई तेवढी म्हणाली, "तिला तेल नव्हतं, ती काय करील? आधी पोराला शिकवा." आणि वडिलांनी मला गावातल्या मिस्त्रींच्या हवाली केले. हे मिस्त्री फारसे बोलत नसत. पण पाना हातात देत. त्यांच्या दुकानात तीन महिने रविवार घालवून जे शिकलो, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा आधी रंगाकडे पाहूच नका. वेस्पाला वेगळी चौकट नाही. पत्रा हीच तिची हाडे. पाय ठेवायच्या जागेवरचे रबर उचला आणि खालून-वरून पत्रा ठोकून पाहा. गंजाने पोकळ झाला असेल तर नमस्कार करून परत या. मग सांगाड्यावरचा नंबर आर. सी. बुकाशी ताडून घ्या. गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर काही लपवतो आहे असे समजा. सुरुवातीला थोडा धूर येणारच, पण इंजिन तापल्यावरही पांढऱ्या धुराचे लोट थांबेनात आणि गिअरचे तेल कमी होत असेल, तर क्लचकडचे सील गेले आहे. उलट मूठ सोडली तरी इंजिन आपोआप जोरात पळत राहिले, तर कोठून तरी हवा ओढली जात आहे. पुष्कळदा ती मॅग्नेटकडच्या सीलमधून. अशी गाडी तापते आणि शेवटी पिस्टन खाते. चढावर गिअर उडत असेल, तर आतला चार पाकळ्यांचा तुकडा झिजला असण्याचा संभव मोठा. त्यासाठी सगळे इंजिन उघडावे लागते, हे भाव करताना लक्षात ठेवा.

सांभाळायची रीत याहून सोपी आहे. तेलाचे प्रमाण त्या मॉडेलच्या पुस्तकात असेल तेच ठेवा; "थोडे जास्त बरे" म्हणून ओतलेले तेल काजळी होऊन सायलेन्सरात बसते आणि गाडी घाटात रडते. मिस्त्री असा सायलेन्सर जाळून, ठोकून साफ करीत. आमच्या दीडशेच्या गाडीला गिअरचे तेल लागते अवघे पाव लिटर, पण तेवढेही बदलायचा आळस करणारे पुष्कळ. क्लचची एक तार, एक प्लग आणि प्लगपाना डिकीत हवाच. आणि एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतो : चाकाची रिम दोन भागांची असते. ते भाग जोडणारे नट सोडण्यापूर्वी हवा पूर्ण काढा, नाहीतर रिम उसळून तोंडावर येते.

अलीकडे एक नवी काळजी आली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आमच्या निफाड तालुक्याने जन्मभर ऊस पिकवला, पण तो गाडीच्या टाकीत जाईल असे वाटले नव्हते! इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून नळी आणि वॉशर नव्या पेट्रोलला चालणारे घाला, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करा. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. ते चुकवू नका.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर व्यवहाराचे आहे. जी गाडी लाखांनी बनली, तिचे सुटे भाग अजून मिळतात. आणि जी साध्या पान्याने उघडते, ती गावातच दुरुस्त होते. जुन्या गाडीचा भरवसा तिच्या कारखान्यात जेवढा असतो, त्याहून अधिक सांभाळणाऱ्याच्या हातात असतो.

वडील गेले, मिस्त्रीही गेले. गाडी आहे. आईने आता पंचाऐंशी ओलांडली. मोडलेले मनगट थंडीत अजून दुखते. गेल्या दसऱ्याला तिने त्याच हाताने वेस्पाला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले,

"तेल घातलंस का रे?"