पिशवीतली गाठ आणि पिशवी काढण्याचा निर्णय

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंतून वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ. ती फार सर्रास आढळते. अमेरिकेतल्या एका पाहणीत पन्नाशीपर्यंत सुमारे 70 टक्के श्वेतवर्णीय स्त्रियांमध्ये, कृष्णवर्णीयांमध्ये तर 80 टक्क्यांहून अधिक जणींमध्ये ती असल्याचे दिसले. कित्येकींना तिचा पत्ताही नसतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सवर ती पोसली जाते, म्हणून पाळी कायमची थांबली की सहसा आक्रसते. चाळिशी ओलांडलेल्या बाईचे उपचार ठरवताना ही गोष्ट फार मोलाची असते.

त्रास किती होणार हे आकाराइतकेच जागेवरही ठरते. आतल्या अस्तराखालची छोटी गाठसुद्धा पाळीत भरपूर रक्तस्राव घडवते, गर्भ रुजू देत नाही. बाहेरच्या अंगाला वाढणारी गाठ नारळाएवढी होईपर्यंत कळतही नाही. मग मूत्राशयावर दाब येऊन सारखे लघवीला जावे लागते, ओटीपोट जड वाटते. अंगावरून जास्त जाणे बायका वर्षानुवर्षे सोसतात आणि रक्त कमी होऊन धाप लागू लागली की दवाखाना गाठतात. इतके थांबायचे काहीच कारण नाही. साध्या सोनोग्राफीत निदान होते.

त्रास नसेल तर बहुधा अधूनमधून तपासणी पुरते. रक्तस्राव कमी करायला ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे, हार्मोन सोडणारे साधन वापरतात. जोडीला लोहाच्या गोळ्या. गाठ आक्रसवणारी इंजेक्शनेही आहेत, पण ती थांबवली की गाठ पुन्हा वाढते आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे ती मुख्यतः शस्त्रक्रियेआधी काही महिने देतात.

मूल हवे असेल तर फक्त गाठ काढता येते. अस्तराखालची गाठ योनिमार्गातून दुर्बीण घालून, पोटावर छेद न देता निघते. इतर गाठींसाठी लॅप्रोस्कोपी करतात किंवा पोट उघडतात. नव्या गाठी पुढे येऊ शकतात. गाठीचा रक्तपुरवठा रोहिणीतून नळी घालून तोडण्याची पद्धत पॅरिसच्या डॉक्टरांनी 1995 मध्ये मांडली. पुढे मूल हवे असणारीला ती सहसा सुचवत नाहीत.

गर्भाशयच काढले की प्रश्न कायमचा मिटतो. गाठी मोठ्या वा अनेक असतील, इतर उपाय थकले असतील आणि मूल नको असेल, तर हा रास्त मार्ग आहे. पण 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशये, कित्येकींची तर ऐन तरुणपणी, काढल्याचे उघड झाले आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, अशी भीती घातल्याचे तिथल्या बायकांनी सांगितले होते. फायब्रॉइड वाटलेली गाठ कर्करोगाची निघणे फार विरळा असते. पाळी गेल्यानंतर वाढणारी गाठ मात्र ताबडतोब तपासून घ्यावी लागते. अंडाशये ठेवली तरी गर्भाशय काढल्यावर रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. तीही काढली तर लगेच येते आणि तरुण वयात हाडांचे व हृदयाचे धोके वाढवते. त्यामुळे अंडाशये राहणार की जाणार, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.