विश्लेषण : मुलांचे लाइफ जॅकेट ‘वाढत्या अंगाचे’ का घेऊ नये?

शाळेचा गणवेश एक माप मोठा घ्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतो. घरोघरी होणारा हा हिशेब कयाकिंगच्या साहित्याला मात्र लागू होत नाही. वसई पूर्वेच्या सातिवलीतून निघालात, तर दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणा. दोन्हीकडे भरती-ओहोटीची ओढ. अशा पाण्यात मुलाला उतरवण्याआधी काय तपासावे?

जॅकेट मोठे असले तर काय बिघडते?
मूल पाण्यात पडले की जॅकेट तरंगते. ते सैल असेल तर अंग त्यातून खाली सरकते. जॅकेट कानापर्यंत चढते, तोंड मात्र पाण्याजवळच राहते. म्हणून माप वयावरून नव्हे, तर वजन आणि छातीच्या घेरावरून ठरवा. सगळे पट्टे आवळा आणि खांद्यांजवळ धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटीच्या वर गेले, तर ते त्या मुलाच्या मापाचे नाही.

लेबलवरचे ५० आणि १०० म्हणजे काय?
हा तरंगत ठेवणाऱ्या बलाचा आकडा, न्यूटनमध्ये. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोचा आधार. लहान मापांत प्रत्यक्ष बल वजनानुसार कमी असते. ५० ची श्रेणी पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असतानाच वापरायची आहे. पोहता न येणाऱ्या मुलासाठी किमान १०० ची श्रेणी पाहा.

वल्हे किती लांब हवे?
२०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी १००० मीटर दुहेरी शर्यतीत कांस्यपदक मिळवले. तो कनू प्रकार होता, त्यात वल्ह्याला एकच पाते असते. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. हे वल्हे शेजारी उभे करून मुलाने हात वर केला, की बोटे वरच्या पात्याच्या टोकावर वळायला हवीत. मग वल्हे डोक्यावर आडवे धरा. कोपर काटकोनात आले, की पकडीची जागा सापडली. लांब वल्हे आणि मोठे पाते खांद्यावर ताण आणते. परतीच्या वाटेवर ओहोटी लागली, तर दमलेल्या हातांना पाणी कापत नाही.

बैठक कशी तपासायची?
पाय पायटेकूला नीट टेकावेत आणि गुडघे किंचित वाकलेले राहावेत. पाय लटकत असतील तर सगळा जोर हातांवर येतो.

पुन्हा माप कधी घ्यायचे?
मुली साधारण ११-१२ आणि मुले १३-१४ व्या वर्षी झपाट्याने वाढतात, कधी वर्षात ८ ते १० सेंटीमीटर. या काळात दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन तपासा. ताईचे जॅकेट धाकट्याला देताना वजनाचा गट, शिवण आणि बकल पाहा.

पैसे वाचवायचेच असतील, तर लांबी कमी-जास्त करता येणारे वल्हे घ्या. वल्हे वाढत्या अंगाचे चालते, जॅकेट मात्र आजच्याच मापाचे हवे.