रबराचे फुफ्फुस

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कपाशीवर मारावयाच्या विषालाही ‘औषध’च म्हणतात, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, तेव्हापासून मोताळ्याच्या वाटेवर पाठीला पंप बांधून, तोंडावर केवळ दुपट्टा गुंडाळून कपाशीच्या तासांतून चालणारा मनुष्य दिसला, की या क्षणी त्याच्या फुफ्फुसात काय घडत असेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. त्या प्रश्नाचा माग मला एका खोडरबराएवढ्या यंत्रापाशी घेऊन गेला.

हार्वर्ड विद्यापीठात डॅन हुह व डोनाल्ड इंगबर यांनी २०१० साली सिद्ध केलेल्या या फुफ्फुस-चिपमध्ये, पारदर्शक सिलिकॉन रबरात कोरलेल्या दोन सूक्ष्म मार्गांच्या मधोमध मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ, सच्छिद्र पडदा असतो. त्याच्या वरच्या अंगास मानवी वायुकोशांच्या पेशी आणि हवा, खालच्या अंगास रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी आणि वाहता द्रव. माझे चित्त मात्र जडले ते या मार्गांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या रिकाम्या दालनांवर. त्यांतील हवा शोषली की भिंती बाहेर ओढल्या जातात, पडदा ताणतो. शोषण थांबले की तो पूर्ववत होतो. हाच त्या चिपचा श्वास! पडदा निश्चल असता पेशींत फारसे न शिरणारे अतिसूक्ष्म कण, ही हालचाल सुरू होताच अधिक प्रमाणात आत गेले, आणि ज्या श्वासाने आपण जगतो तोच आगंतुकाला वाट देतो हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. काचेच्या बशीत निपचित वाढणाऱ्या पेशींना हे कधीच सांगता आले नसते.

भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या चाचण्यांसंबंधीचे २०१९ चे नियम दुरुस्त करून अशा चिपांना त्यांत स्थान दिले. पण तो अंमल माणसाच्या औषधांपुरता. कपाशीच्या औषधाची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखाली, निराळ्या दफ्तरी होते.

शिवाय एकट्या फुफ्फुसाची साक्ष पुरत नाही, कारण फवारणीतली कित्येक विषे यकृतात पोचल्यावरच खरी उग्र होतात. म्हणून यकृताची चिप नळीने जोडावी, तर मार्गात अडकलेला हवेचा एखादा बुडबुडाही जोपासलेल्या पेशी मारून टाकतो. त्याहून हट्टी अडचण खुद्द रबराची आहे. ते तेलकट रेणू स्वतःच पिऊन घेते, त्यामुळे ओतलेली मात्रा आणि पेशींना पोचलेली मात्रा यांचा मेळ बसत नाही, आणि कीटकनाशकांत तर तेलकट रेणूंचाच भरणा मोठा. त्याजागी काच वा कठीण प्लास्टिक योजावे, तर ते विष पीत नाही. पण ताणलेही जात नाही, आणि श्वास बंद पडतो.