ओटीवरचा कॅमेरा कोणाच्या मोबाइलमध्ये?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इशाची नमाज आणि जेवण आटोपून आम्ही दोघे घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. झोपण्यापूर्वी गावच्या घराचा कॅमेरा मोबाइलवर एकदा पाहायचा, हा आमचा दोन वर्षांचा नेम. खेड तालुक्यातल्या त्या घरात अम्मी एकट्या राहतात. वय ७४. आम्ही चिपळूणला शिक्षक, धाकटा भाऊ कुवेतमध्ये नोकरीला. त्या रात्री ॲप उघडले तर चित्राच्या जागी काळा चौकोन आणि खाली तीनच शब्द: कॅमेरा ऑफलाइन आहे.

अम्मींना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेवढ्यात कुवेतहून भावाचा मेसेज आला, ‘तुम्हालाही दिसत नाहीये का?’ दोन वर्षांपूर्वी अम्मी न्हाणीत घसरून पडल्या होत्या आणि सकाळी दूधवाला हाक मारीपर्यंत कोणालाच पत्ता नव्हता. कॅमेरा बसवला तो त्यानंतर. त्यामुळे काळा चौकोन पाहिला की आमच्या मनात काय येते, ते वेगळे सांगायला नको. शेवटी साडेदहाला शेजारच्या खालांना उठवले. बिचाऱ्या छत्री आणि बॅटरी घेऊन पावसात गेल्या. अम्मी गाढ झोपलेल्या होत्या. नमाजेच्या वेळी फोन सायलेंट केला होता, तो तसाच राहिला होता. अल्हम्दुलिल्लाह.

रविवारी आम्ही गावी गेलो ते कॅमेरा दुरुस्त करायचाच, असे ठरवून. त्या एका दिवसात जे शिकलो ते इथे सांगतो. असे कॅमेरे आता आपल्या बऱ्याच घरांत आहेत. कर्ते पुरुष आखातात किंवा मुंबईत आणि घरी बायका, म्हातारी माणसे, असे ज्यांच्याकडे आहे त्यांनी तर शेवटपर्यंत वाचावे.

‘ऑफलाइन’ हा शब्द फार मोघम आहे. शाळेत पालक येऊन सांगतात, ‘मुलाला गणित येत नाही.’ कुठे अडते विचारले तर उत्तर नसते. ॲपचेही तसेच. कॅमेऱ्याचे चित्र आधी घरातल्या राउटरकडे जाते, तिथून इंटरनेटच्या लाइनने कंपनीच्या सर्व्हरमार्फत आपल्या मोबाइलपर्यंत पोहोचते. यातली कोणतीही कडी तुटली तरी ॲप बहुधा तोच एक शब्द दाखवते. म्हणून लगेच ॲप काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसते का ते पाहावे. आमच्या बाबतीत कुवेतलाही दिसत नव्हते, म्हणजे दोष आमच्या मोबाइलचा नव्हता. मग घरी राउटरचा दिवा लागला आहे का, त्या वाय-फायवर दुसरा फोन चालतो का, हे कोणाला तरी पाहायला सांगावे. राउटर इन्व्हर्टरवर आणि कॅमेरा साध्या पॉइंटवर, अशी वायरिंग पुष्कळ घरांत असते. लाइट गेली की राउटर चालू राहतो आणि कॅमेरा मात्र बंद पडतो.

आमच्याकडे राउटर चालू होता, पण तो आमचा जुना राउटर नव्हता. विजेच्या कडकडाटात जुना जळला म्हणून केबलवाल्याने त्याच आठवड्यात नवा बसवून दिला होता. नवा राउटर म्हणजे वाय-फायचे नवे नाव आणि नवा पासवर्ड. भिंतीवरचा कॅमेरा मात्र बिचारा जुन्याच नावाला हाका मारत बसलेला. यावर सगळ्यांत सोपा उपाय आम्हाला नंतर समजला. नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षर न अक्षर तसाच द्यायचा. घरातली सगळी यंत्रे आपोआप जोडली जातात, कॅमेऱ्याला हात लावावा लागत नाही. राउटर बदलणाऱ्याला तेव्हाच सांगितले तर पाच मिनिटांचे काम.

आम्हाला हे ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही शिडी लावली. कॅमेऱ्याच्या पोटाशी बारीक भोक असते, त्यात पिन घालून आवाज येईपर्यंत दाबून धरली. मग ॲपने मोबाइलवर क्यूआर कोड दाखवला, तो कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर धरला. तीनदा नापास. कारण असे की नवा राउटर दोन प्रकारचे वाय-फाय सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. घरगुती वापराचे बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ वर चालतात आणि आपला मोबाइल ५ वर जोडलेला असतो. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावे दिली आणि २.४ चे नाव कॅमेऱ्याला सांगितले, तेव्हा तो जोडला गेला. आमच्या जांभ्याच्या जाड भिंतींतून २.४ ची लहर पोहोचतेही जास्त चांगली.

कॅमेरा जोडला गेला खरा, पण ॲपने शेवटच्या पायरीवर वेगळीच पाटी दाखवली. हा कॅमेरा दुसऱ्या खात्यात नोंदवलेला आहे.

दुसऱ्या म्हणजे कोणाच्या? आम्हाला वाटले, कुवेतच्या भावाच्या. त्याने नाही म्हटले. मग कॅमेरा बसवणाऱ्या मुलाला फोन लावला, स्पीकरवर. अम्मी शेजारीच तांदूळ निवडत होत्या. मुलगा अदबीने म्हणाला, “थांबा सर, बघून सांगतो.” क्षणभर थांबून म्हणाला, “हो सर, माझ्याकडे पण बंदच दाखवतंय.”

माझ्याकडे पण!

अम्मींचा हात सुपातच थांबला. त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे त्याला पण दिसायचं?” दोन वर्षे त्या कॅमेऱ्यासमोरच्या ओटीवर काय काय झाले, ते त्यांच्याबरोबर आम्हीही मनात मोजू लागलो. न्हाऊन आल्यावर केस वाळवायला त्या तिथेच बसतात. दुपारी मोहल्ल्यातल्या बायका मासळी साफ करायला, बोलायला तिथेच जमतात, डोक्यावरची ओढणी बाजूला ठेवून, कारण आत कोणी परका माणूस येत नाही. ईदच्या आदल्या रात्री मुलींची मेहंदी तिथेच होते. शिवाय कॅमेऱ्याला माइक असतो, म्हणजे बोलणेसुद्धा.

मुलाबद्दल सांगायचे तर तो चोर नाही. “माझ्याकडे साठ-सत्तर घरं आहेत सर, मी कशाला बघत बसू?” असे तो म्हणाला आणि आमचा त्याच्यावर विश्वास आहे. दुकानाची पद्धतच तशी होती. गिऱ्हाईक पासवर्ड विसरते, मग हेलपाटे पडतात, म्हणून कॅमेरा दुकानाच्या खात्यात नोंदवायचा आणि गिऱ्हाइकाला नुसता ‘शेअर’ करून द्यायचा. पण त्या खात्याचा पासवर्ड दुकानातल्या चौघांना माहीत होता आणि उद्या पाचवा येणार होता. आम्ही पैसे मोजून घेतलेल्या कॅमेऱ्याचे पाहुणे होतो, मालक दुकान. ॲपमध्ये सेटिंगच्या चारच ओळी का दिसतात, याचा उलगडा तेव्हा झाला. दोन वर्षे आम्ही समजत होतो की ॲपच हलके आहे.

कोणाच्या घरात शिरण्यापूर्वी सलाम करून इजाजत घ्यावी, हे सूरह नूरमध्ये आहे आणि आपण ते मुलांना लहानपणीच शिकवतो. इजाजतीचा हुकूम मुळात नजरेसाठीच आहे, अशा अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे. दारावरची कडी आम्ही रोज तपासत होतो. नजरेचे दार मात्र दुसऱ्याच्या दुकानात उघडे होते.

तेव्हा आमची विनंती अशी की हा अंक खाली ठेवण्याआधी आपल्या मोबाइलमधले कॅमेऱ्याचे ॲप उघडा. कॅमेऱ्याच्या नावाजवळ ‘शेअर केलेले’ अशा अर्थाचा शब्द दिसतो का पाहा. दिसला तर मालक दुसरा कोणीतरी आहे. मालक आपणच असलो तरी सेटिंगमध्ये शेअरिंगची यादी असते. तिथे ओळखीची नसलेली नावे असतील तर काढून टाका. कॅमेरा दुसऱ्याच्या खात्यात असेल तर नुसत्या रीसेटने बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये तो सुटत नाही. त्या माणसाने स्वतःच्या ॲपमधून तो काढावा लागतो. आमच्या मुलाने दहा मिनिटांत काढून दिला. माणूस सापडत नसेल, दुकान बंद झाले असेल, तर पावती आणि कॅमेऱ्याखालच्या स्टिकरचा फोटो घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेकडे मागणी करता येते. हा फोटो फक्त तिथेच पाठवायचा. ‘भाईजान, जोडून द्या ना’ म्हणत खानदानाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत त्या स्टिकरवरचा कोड म्हणजेच किल्ली असते.

पासवर्डही तेव्हाच बदला. कारखान्यातून आलेला तसाच ठेवला तर काय होते, ते २०१६ मध्ये जगाने पाहिले. मिराई नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट्स काही तास बंद पाडल्या. मालकांना कळलेसुद्धा नाही, त्यांचे कॅमेरे व्यवस्थित चालूच होते. आपल्याकडे सरकारने एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. पण भिंतीवर आधीच बसलेल्या कॅमेऱ्याची चाचणी आपणच घ्यायची.

खाते आमच्या नावावर झाले आणि मग भावाला शेअर करायला गेलो, तर ते होईना. त्याचे खाते कुवेतच्या नंबरवर होते, आमचे भारतातल्या. कित्येक ॲप देशाप्रमाणे वेगळ्या सर्व्हरवर खाती ठेवतात आणि एका प्रदेशातला कॅमेरा दुसऱ्या प्रदेशातल्या खात्याला देता येत नाही. आखातातला प्रत्येक माणूस बँकेच्या ओटीपीसाठी इकडचे सिम जपून ठेवतोच. भावाने त्या नंबरवर, देश भारत निवडून, नवे खाते उघडले आणि काम झाले. त्याला आम्ही फक्त पाहण्याची परवानगी दिली आहे, यावरून तो थोडा रुसला.

दोन दिवसांनी अम्मींचा घाबऱ्या आवाजात फोन. शेजारच्या नातवाने त्यांना जुने रेकॉर्डिंग दाखवले होते आणि त्यात रात्री साडेबाराला कोणीतरी फाटक उघडून आत आले होते! आम्हीही पाहिले. हातात बरणी, डोक्यावर टोपी. सकाळी सहाचा दूधवाला. नव्याने जोडताना कॅमेऱ्यात वेळेचा प्रदेश भरायचा राहिला होता, म्हणून घड्याळ साडेपाच तास मागे धावत होते. हसून झाले, पण उद्या खरोखर चोरी झाली आणि पोलिसांना हे रेकॉर्डिंग द्यायची वेळ आली, तर वेळेवरूनच वाद होईल. घड्याळ एकदा पाहून घ्या. मेमरी कार्डही मधूनमधून पाहावे. त्यावर दिवसरात्र लिहिणे चालू असते, ते झिजते, आणि झिजल्याचे नेमके गरजेच्या दिवशी समजते.

आणखी एक त्रास रात्रीचा होता. दिवसा चित्र ठीक आणि मगरिबनंतर दर थोड्या वेळाने कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू. मूळ ॲडाप्टर केव्हाच जळला होता आणि त्या जागी कोणीतरी जुन्या मोबाइलचा चार्जर लांबलचक बारीक वायरने जोडला होता. अंधार पडला की कॅमेऱ्याचे न दिसणारे इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त लागते, आणि बारीक वायरीतून ती पुरत नाही. कॅमेऱ्यावर लिहिल्याप्रमाणे ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडाप्टर आणि आखूड जाड वायर लावली आणि त्रास संपला. रात्री उगाच येणाऱ्या ‘हालचाल दिसली’ या सूचनांचे कारण मात्र कोळी निघाला. भिंगासमोरच जाळे विणले होते. त्याला अम्मींच्या झाडूने आवरले.

उलट आमच्या स्वतःच्या फोनवर सूचना येतच नव्हत्या. फोनमधली बॅटरी वाचवण्याची सोय त्या ॲपला मागे झोपवून टाकत होती. सेटिंगमध्ये त्या एका ॲपला सूट द्यावी लागली.

राहिला खरा प्रश्न, कॅमेरा कुठे असावा हा. अम्मींनी साफ सांगितले की ओटीवर नको. आम्ही म्हटले, मग पडलात तर दिसणार कसे? यावर बरीच वादावादी झाली. शेवटी त्यांनीच तोड काढली. कॅमेरा अंगणातल्या खांबावर, तोंड फाटकाकडे आणि पायरीकडे. माइक बंद. फजरनंतर त्या कोंबड्यांना दाणे टाकायला पायरीवर येतातच. सात वाजेपर्यंत दिसल्या नाहीत तर आम्ही फोन करायचा, फोन उचलला नाही तर खाला जाऊन पाहणार. न्हाणीत पकडायला दांडा बसवला, जो खरे तर कॅमेऱ्याच्या आधी बसवायला हवा होता. फोन सायलेंट न करण्याचे त्यांनी कबूल केले आहे, पण पाळतात असे नाही.

गेल्या महिन्यात पुतणीचे लग्न ठरले. दुपारी कुवेतहून भावाचा मेसेज आला, ‘कॅमेऱ्याला काय झालंय? सगळीकडे लाल फुलं दिसतायत.’ अम्मींना फोन केला तर मागून मुलींच्या हसण्याचा गलका ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, “अंगणात बायका बसल्या आहेत, म्हणून खांबावर माझी ओढणी टाकली. सगळ्या गेल्या की काढीन.”