192 मतं

30 जुलैला गणपतराव देशमुखांचा, म्हणजे आबासाहेबांचा, स्मृतिदिन. त्या दिवशी दरवर्षी तेच मजकूर येतात. एसटीने फिरणारा आमदार, साधी राहणी, स्वच्छ चारित्र्य. सगळं खरं आहे, तरी मला या कौतुकाचा राग येऊ लागलाय. साधेपणाची आरती ओवाळली, की आबासाहेबांनी जन्मभर लावून धरलेल्या पाण्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही.

1962 ते 2014 या काळात सांगोल्याने त्यांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं, अकराही वेळा शेतकरी कामगार पक्षाकडून. 1972चा पराभव, 1974ची पोटनिवडणूक, 1978चं मंत्रिपद हे कुठेही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते नव्वदचं दशक, कारण ते मी सांगोल्यात काढलं.

उन्हाळ्यात पहाटेपासून टँकरसाठी घागरी रांगेत लागायच्या. माणसं घरी, घागरी रांगेत. कुणाची घागर कुठली हे पोचे बघून ओळखायचं. त्याच सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि बाजरीसुद्धा धड न पिकणाऱ्या मुरमाड माळावर डाळिंबाचे खड्डे निघाले. खड्डे खणून झाले, रोपं लागली, पण पाणी कुठून आणायचं?

1993 साली आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरली. आबासाहेब तिचे आधारस्तंभ. मागणी सरळ होती: कृष्णेचं पाणी उचलून आमच्या माळावर आणा आणि सगळ्यांना समन्यायी वाटा. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं 560 टीएमसी पाणी मे 2000च्या आत अडवायला हवं, हे तेव्हा पारावर बसणारा म्हाताराही सांगायचा. राजकारणातून माणसं शहाणी होतात, हे मी तिथे पाहिलं.

आणि 1995 साली आम्ही त्यांना पाडलं. 192 मतांनी. ‘शेकाप संपला’ म्हणून तालुक्यात मिरवणारे तेव्हा कमी नव्हते. त्यातले कित्येक 2021मध्ये श्रद्धांजलीच्या सभेत पुढच्या रांगेत होते. आबासाहेबांनी मात्र आमदारकी गेली म्हणून पाणी परिषद सोडली नाही. 1996 साली कृष्णेचं पाणी उचलण्याची टेंभू योजना मंजूर झाली तेव्हा ते सभागृहात नव्हते. 1999ला सांगोल्याने त्यांना परत पाठवलं. टेंभूचं पाणी आमच्या शिवारात यायला त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली.

जून 2022मध्ये शिवसेना फुटली. गुवाहाटीला गेलेल्यांत सांगोल्याचेही आमदार होते. परगावी गेलो की लोक मला तिथल्या झाडी-डोंगरांबद्दल विचारायचे, पाण्याबद्दल कुणीच नाही. ज्या गावाने पन्नासहून अधिक वर्षं एका पक्षाचा माणूस पाहिला, त्या गावाची ही ओळख व्हावी, हे मला फार लागलं. 2024ला आबासाहेबांचे नातू बाबासाहेब शेकापचेच आमदार झाले. त्यांचं माप मी आजोबांच्या एसटीने काढणार नाही, पाण्यानेच काढेन.

येत्या 30 जुलैला फोटोला हार घालाच. पण विधिमंडळाच्या कार्यवाहीत आबासाहेबांची भाषणं छापलेली आहेत. पाण्यावरचं त्यातलं एक तरी काढून त्या दिवशी गावात मोठ्याने वाचा.